शोधयंत्राने वगळलेले संकेतस्थळ : कारणे आणि पुनःस्थापनेची रीत

बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे कर्नाटकाच्या ईशान्य टोकास, महाराष्ट्र व तेलंगणाच्या सीमांना लागून वसलेले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. तालुक्यांची वाटणी झाली, तरी बाजाराची वाटणी झाली नाही. भालकीचा व्यवहार उदगीरशी आणि आळंदचा अक्कलकोट-सोलापूरशी पूर्वीप्रमाणेच चालू राहिला. या भागातील अनेक घरांत मराठी, कन्नड, उर्दू आणि हिंदी या भाषा एकाच दिवसात बोलल्या जातात. त्याचे प्रतिबिंब येथील लहान व्यावसायिकांच्या संकेतस्थळांवरही पडणे स्वाभाविक होय.

या भागाच्या दोन वस्तूंना भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी लाभली आहे. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीच्या तारेचे जडावकाम करून, नवसागर व बीदरच्या किल्ल्यातील माती यांच्या साह्याने काळी झळाळी आणलेली बिदरी ही त्यांपैकी पहिली. तिची नोंदणी २००६ साली झाली. दुसरी कलबुर्गीची तूरडाळ. तिला हा मान २०१९ साली मिळाला. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर बिदरीचे नाव देशभर पुन्हा एकदा चर्चेत आले. परगावचा ग्राहक असे नाव ऐकतो, तेव्हा तो प्रथम शोधयंत्रात ते नाव टाकून पाहतो. तेथे अस्सल कारागिराचे किंवा डाळ उत्पादकाचे संकेतस्थळ नसेल, तर त्याची जागा रिकामी राहत नाही. दुसरा कोणीतरी, क्वचित नक्कल विकणाराही, ती भरून काढतो. म्हणूनच एखाद्या सकाळी आपले संकेतस्थळ शोधयंत्रातून नाहीसे झाल्याचे लक्षात येणे ही लहान उद्योजकाच्या दृष्टीने दुकानाची पाटी कोणी रातोरात उतरवून नेण्यासारखी गोष्ट आहे. दुकान आहे, माल आहे, परंतु रस्त्यावरून जाणाऱ्यास ते दिसत नाही.

अशा वेळी नेमके काय झाले, दुरुस्ती कोणती करावयाची आणि फेरविचारासाठी अर्ज कसा करावयाचा, याची माहिती येथे दिली आहे. भारतात शोधासाठी बहुतांश गूगलचाच उपयोग होत असल्याने विवेचन मुख्यतः त्या शोधयंत्राला अनुसरून आहे. बिंग या शोधयंत्राचीही संकेतस्थळाच्या मालकांसाठी अशीच स्वतंत्र व्यवस्था आहे.

वगळले, की सापडेनासे झाले?

आपले पान पहिल्या पृष्ठावर दिसत नाही म्हणजे बंदी आली, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बंदी ही त्यामानाने विरळा गोष्ट आहे. शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याचा प्रोग्रॅम प्रथम दुव्यांवरून फिरत पाने वाचतो, मग त्यांची सूची करतो आणि शेवटी कोणी काही विचारले असता सूचीतील पाने क्रमाने मांडतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडथळा आला, तरी परिणाम वरवर सारखाच दिसतो. आडात नसेल ते पोहऱ्यात येत नाही. म्हणून पान सूचीत आहे की नाही, हे आधी पाहावे.

त्याची सोपी रीत अशी : शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्यास लागून दोन टिंबांचे चिन्ह आणि मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. पाने दिसली, तर ती सूचीत आहेत. केवळ क्रम घसरला आहे. क्रम घसरण्यास प्रतिस्पर्धी वाढणे किंवा शोधयंत्राच्या गणनपद्धतीत बदल होणे पुरेसे असते. अशा घसरणीवर अर्ज चालत नाही. मजकूर सुधारणे एवढाच उपाय उरतो. एकही पान दिसले नाही, तरच पुढील चौकशीस अर्थ आहे. तथापि या शोधाने मिळणारे उत्तर ढोबळ असते. एकेका पानाविषयी खात्रीची माहिती हवी असल्यास ती गूगल सर्च कन्सोल या विनामूल्य साधनात मिळते.

पाने सूचीत नसण्याची काही कारणे अगदी घरगुती असतात. डोमेनचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहून जाते व नाव मुदतबाह्य होते. वर्डप्रेसवर संकेतस्थळ उभारताना, काम अपुरे असेपर्यंत शोधयंत्रांनी ते पाहू नये अशी खूण करण्याची सोय असते. काम पुरे झाल्यावर ती खूण काढण्याचे विसरले, की वर्षानुवर्षे संकेतस्थळ अदृश्य राहते. ‘रोबॉट्स’ नावाच्या लहानशा फाईलमधील एका ओळीने शोधयंत्रास दारातूनच परत पाठविले जाऊ शकते. काही वेळा मालक स्वतःच सर्च कन्सोलमधील पाने काढण्याचे साधन वापरतो. त्याने पान सुमारे सहा महिने शोधातून लपते, आणि नंतर त्याचा ठपका शोधयंत्रावर येतो.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे व ते विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसविलेल्या असत. पडद्यावर ‘बिदरी’ असे दिसे; यंत्रास मात्र ती रोमन अक्षरांची निरर्थक मालिका वाटे. अशी जुनी पाने तशीच नव्या संकेतस्थळावर चढविली, किंवा छापील पत्रकाचे छायाचित्र हाच सारा मजकूर म्हणून ठेवला, तर मराठीत शोधणाऱ्यास ती सापडण्याची आशा फारशी नाही. येथे कोणी बंदी घातलेली नसते. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच उपाय होय.

बंदीची खूण

खऱ्या बंदीची नोंद लेखी मिळते. सर्च कन्सोलमध्ये संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यावर ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ अशी दोन पाने उघडतात. पहिल्यावर शोधयंत्राच्या तपासनिसाने, म्हणजे माणसाने, नियमभंगाबद्दल केलेल्या कारवाईची नोंद असते; दुसऱ्यावर संकेतस्थळात परक्याने शिरकाव केल्याची किंवा घातक प्रोग्रॅम आढळल्याची. दोन्ही पाने कोरी असतील, तर बंदी नाही असे समजावे. कारवाई संपूर्ण संकेतस्थळावर आहे की काही पानांवर, हेही तेथे नमूद असते.

मालकी सिद्ध करण्यासाठी संकेतस्थळावर एक फाईल ठेवावी लागते किंवा डोमेनच्या नोंदीत एक ओळ घालावी लागते. येथेच अनेकांची अडचण होते. संकेतस्थळ लातूरच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या तंत्रज्ञाने करून दिलेले असते, डोमेन त्याच्याच नावावर असते आणि सर्व पासवर्डही त्याच्याकडेच असतात. कारागिराने पैसे दिले, परंतु कागदोपत्री तो मालक नाही. इतर कोणत्याही दुरुस्तीआधी डोमेन व होस्टिंग आपल्या नावावर करून घेणे इष्ट.

सहज घडणारे नियमभंग

गूगलच्या नियमावलीत निषिद्ध ठरविलेल्या बाबी पुष्कळ आहेत. सीमाभागातील उद्योजकाकडून त्यांतील काही केवळ अज्ञानाने घडू शकतात.

नावांचाच प्रश्न घ्यावा. गुलबर्गा या शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झाले. ग्राहक मात्र गुलबर्गा, कलबुर्गी, कलबुरगी असे काहीही लिहितो; बीदरचे बिदर होते; त्यात कन्नड, उर्दू व रोमन लिप्यांची भर. या सर्व रूपांवर आपले पान सापडावे म्हणून ती शंभर वेळा पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. वाचकास न दिसणारा आणि केवळ यंत्रासाठी लिहिलेला असा मजकूर हा उघड नियमभंग आहे. ‘कलबुर्गी, पूर्वीचे गुलबर्गा, येथील तूरडाळ’ असे वाचकास दिसेल अशा जागी एकदा लिहिले, तर काम भागते व त्यात गैर काहीच नाही.

दुसरा प्रकार नगरवार पानांचा. ‘उदगीरमध्ये कलबुर्गीची तूरडाळ’, ‘सोलापुरात कलबुर्गीची तूरडाळ’, ‘पुण्यात कलबुर्गीची तूरडाळ’ अशी शहराचे नाव बदलून तीच पाने पन्नास वेळा उभी केली, की ती दारपाने ठरतात. वाचकास काही न देता एकाच ठिकाणी नेऊन सोडणे एवढेच त्यांचे काम असते. मोठ्यांनाही हा मोह आवरलेला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने याच कारणाने सूचीतून काढून टाकले होते. ‘जुनी मोटार’ या अर्थाच्या जर्मन शब्दाने भरलेली पाने शोधयंत्रास दाखविली जात आणि ग्राहक मात्र आपोआप भलत्याच पानावर जाई. पाने काढून टाकल्यावर काही दिवसांतच ते संकेतस्थळ परत घेण्यात आले.

तिसरा प्रकार विकतच्या दुव्यांचा. इतर संकेतस्थळांनी आपणाकडे दिलेले दुवे शोधयंत्र शिफारशीप्रमाणे मोजते. म्हणून हजारोंच्या गठ्ठ्याने दुवे विकणारे निर्माण झाले. गाण्यांच्या शब्दांचे प्रसिद्ध अमेरिकी संकेतस्थळ रॅप जीनियस हे दुव्यांच्या अशाच देवघेवीमुळे २५ डिसेंबर २०१३ रोजी शोधात जवळजवळ दिसेनासे झाले. त्याच्या चालकांनी ते दुवे शोधून काढून टाकले आणि ४ जानेवारी २०१४ रोजी ते परत आले. दहा दिवसांची ही मुदत लहान संकेतस्थळाने मात्र प्रमाण मानू नये.

मार्च २०२४ मध्ये गूगलने आणखी एक नियम स्पष्ट केला. केवळ क्रम वाढविण्याच्या हेतूने घाऊक प्रमाणात तयार केलेली निरुपयोगी पाने, मग ती माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने, नियमभंगात मोडतात. येथील बहुभाषिक संकेतस्थळांनी हे लक्षात ठेवावे. एका मराठी पानाचे यंत्राकरवी दहा भाषांत भाषांतर करून कोणीही न वाचता ते प्रसिद्ध करणे धोक्याचे आहे. कन्नड आणि मराठी अशी दोनच पाने असावीत, परंतु जाणकाराच्या डोळ्यांखालून गेलेली असावीत.

परक्याचा शिरकाव

मालकाने काहीही गैर न करता संकेतस्थळ वगळले जाण्याचे प्रमुख कारण म्हणजे हॅकरचा शिरकाव. लहान संकेतस्थळे वर्षानुवर्षे अद्ययावत केली जात नाहीत. जुने प्लगिन तसेच राहतात आणि त्यांतील फटीतून चोर आत येतो. तो काही मोडत नाही. बिदरीच्या संकेतस्थळाच्या आत तो औषधांच्या, जुगाराच्या किंवा जपानी भाषेत बनावट मालाच्या जाहिरातींची शेकडो पाने गुपचूप उभी करतो. पुष्कळदा ती पाने केवळ शोधयंत्रास दिसतील अशी योजना असते. मालक आपले संकेतस्थळ उघडतो, तेव्हा सुरई, फुलदाणी, हुक्क्याचा तळभाग, सर्व काही जागच्या जागी असते. त्यामुळे ‘आमचे सारे ठीक आहे’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि शोधयंत्राची नोंद त्याच्या उलट सांगते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो.

म्हणून शोधयंत्रास काय दिसते, ते त्याच्याच डोळ्यांनी पाहावे लागते. सर्च कन्सोलमधील ‘यूआरएल इन्स्पेक्शन’ या साधनाने ते पाहता येते. वर सांगितलेल्या ‘साइट’ शोधातही अपरिचित शीर्षकांची पाने उघडकीस येतात.

सफाईचा क्रम चुकला, तर सारे श्रम वाया जातात. प्रथम संकेतस्थळ तात्पुरते बंद करावे व आहे त्या स्थितीची एक प्रत पुराव्यादाखल जतन करावी. त्यानंतर होस्टिंग, डेटाबेस, ईमेल आणि संकेतस्थळ या सर्वांचे पासवर्ड बदलावेत. सर्च कन्सोलमध्ये मालकांची यादी पाहावी. हॅकर तेथे स्वतःचे नाव मालक म्हणून घालून ठेवतो, असे घडलेले आहे. मग शिरकावापूर्वीच्या तारखेचा बॅकअप असल्यास तो चढवावा, नसल्यास प्रत्येक फाईल तपासावी. प्रोग्रॅम, प्लगिन व थीम अद्ययावत करावीत, वापरात नसलेली काढून टाकावीत. चोर ज्या फटीतून आला, ती बुजविल्याविना केवळ पाने पुसली, तर आठवड्याभरात तीच पाने पुन्हा उगवतात. बनावट पानांचे पत्ते मुख्य पानाकडे वळवू नयेत. ‘असे पान नाही’ हेच उत्तर तेथे मिळाले पाहिजे.

अशा घटनेची वर्दी सर्ट-इन या केंद्र शासनाच्या संगणक-आणीबाणी पथकास देता येते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संकेतस्थळातील अनधिकृत शिरकाव हा कळविण्याजोग्या घटनांत समाविष्ट आहे व त्यासाठी सहा तासांची मुदत ठरविलेली आहे.

फेरविचाराचा अर्ज

सफाई पूर्ण झाल्यावरच अर्ज करावा. ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ अथवा ‘सिक्युरिटी इश्यूज’ या पानावर ‘रिक्वेस्ट रिव्ह्यू’ असे बटण असते. त्यासाठी शुल्क नाही, मध्यस्थ नाही आणि ओळखीचाही उपयोग नाही.

हा अर्ज माणूस वाचतो, हे ध्यानात ठेवून तो लिहावा. त्यात तीन गोष्टी याव्यात : चूक नेमकी कोणती होती, ती दूर करण्यासाठी काय काय केले, आणि त्याचा परिणाम काय झाला. ‘आम्ही गरीब कारागीर आहोत, आमच्यावर अन्याय झाला आहे’ एवढेच लिहिलेला अर्ज मनुष्यस्वभावास धरून असला, तरी निरुपयोगी आहे. तपासनिसास त्यातून काहीच पडताळून पाहता येत नाही. याउलट पुढील आशयाचा मजकूर उपयोगी पडतो : ‘संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीने अमुक महिन्यात शहरांच्या नावांची बेचाळीस पाने तयार केली होती. ती नियमाविरुद्ध असल्याचे आम्हांस आपल्या सूचनेवरून समजले. सर्व पाने अमुक तारखेस काढून टाकली असून त्यांची यादी सोबत आहे. मुख्य पानाच्या तळाशी असलेला अदृश्य मजकूरही काढला आहे. यापुढे संकेतस्थळाचे काम आम्ही स्वतः पाहत आहोत.’ चूक दुसऱ्याने केली असली, तरी ती मान्य करावी. तंत्रज्ञाकडे बोट दाखवून पाने तशीच ठेवली, तर अर्ज फेटाळला जाणार हे ठरलेलेच.

विकतच्या दुव्यांच्या प्रकरणात काम अधिक जिकिरीचे असते. दुवे ज्यांनी दिले, त्यांना ते काढण्यास लिहावे लागते आणि त्या पत्रव्यवहाराची यादी ठेवावी लागते. प्रयत्न करूनही जे निघत नाहीत, ते आपल्या हिशेबात धरू नयेत असे शोधयंत्रास कळविण्याचे ‘डिसअव्हाऊ’ नावाचे साधन २०१२ पासून उपलब्ध आहे. ते जपून वापरावे. चांगले दुवेही नाकारले गेले, तर रोगापेक्षा औषध जड व्हावयाचे.

अर्ज पोहोचल्याची आणि नंतर निर्णयाची सूचना ईमेलने येते. निर्णयास काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. दुव्यांच्या प्रकरणांत त्याहून अधिक. दरम्यान दुसरा अर्ज करू नये. नकार आला, तर तो शेवटचा नसतो. राहिलेली त्रुटी शोधून पुन्हा अर्ज करता येतो. नकारात बहुधा एखाद-दुसऱ्या पानाचे उदाहरण दिलेले असते. तेवढेच पान दुरुस्त करून थांबू नये. ते नमुन्यादाखल असते.

निर्णयानंतर

बंदी उठली म्हणजे पूर्वीचा क्रम परत मिळाला, असे मात्र होत नाही. जो क्रम विकतच्या दुव्यांच्या बळावर मिळाला होता, तो ते दुवे गेल्यावर राहणार नाही. सूची नव्याने होण्यासही वेळ लागतो.

या प्रतीक्षेच्या काळात हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. गूगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद ही संकेतस्थळाच्या सूचीहून निराळी व्यवस्था आहे. संकेतस्थळ वगळले गेले, तरी ती सामान्यतः चालू राहते. बीदरच्या गल्लीतील कारखान्याचा पत्ता, दूरध्वनी आणि वस्तूंची छायाचित्रे तेथे ठेवता येतात. तुरीच्या पिशवीवर छापलेल्या क्यूआर चिन्हावरून येणारा ग्राहक शोधयंत्रावर अवलंबून नसतो.

या अडचणीच्या दिवसांत दूरध्वनी येतात. ‘गूगलमधून बोलतो आहे, इतके रुपये भरल्यास संकेतस्थळ चोवीस तासांत पहिल्या क्रमांकावर आणून देतो,’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. नैसर्गिक क्रमातील जागा गूगल विकत नाही आणि बंदी उठविण्यासाठी पैसे घेत नाही. अशा प्रकारात पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

न्यायालयात दाद मागता येईल काय, असाही प्रश्न विचारला जातो. अमेरिकेत सर्च किंग या कंपनीने क्रम घसरविल्याबद्दल गूगलवर दावा लावला होता. शोधातील क्रम हे त्या कंपनीचे मत होय, असे मानून ओक्लाहोमा येथील संघीय न्यायालयाने तो २००३ मध्ये फेटाळला. भारतात स्पर्धा आयोगाने शोधातील पक्षपाताबद्दल ८ फेब्रुवारी २०१८ रोजी गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला होता. परंतु ते प्रकरण बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराचे होते. एका कारागिराचे एक संकेतस्थळ सूचीत परत येण्यास त्या मार्गाने जाण्यापेक्षा अर्जाचा मार्ग निःसंशय जवळचा आहे.

नवे डोमेन घेऊन पुन्हा आरंभ करावा, असा विचार काहींच्या मनात येतो. तोच मजकूर व त्याच चुका नव्या नावावर नेल्या, तर कारवाई तेथेही होऊ शकते. आणि जुन्या ग्राहकांच्या हातातील कार्डावरचा पत्ता मात्र निकामी होतो. दुसऱ्याने सोडून दिलेले डोमेन घ्यावयाचे असल्यास त्याचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे, कारण पूर्वीच्या मालकावरील कारवाई नावासोबत नव्या मालकाकडे येते. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने १९९६ पासून जमविलेल्या संग्रहात कोणत्या नावावर कधी काय प्रसिद्ध होत होते, ते विनामूल्य पाहता येते. खरेदीची रक्कम देण्याआधी त्यासाठी अर्धा तास खर्च करावा.